काळी पाचच्या नादात

माझा जलम देहूरोडचा, बाजाराच्या मागं ज्या चाळी व्हत्या तितला. नाव कमल. आबा, म्हंजे माझे वडील, लष्कराच्या डेपोत हमालीला व्हते, दिवसभर पेट्या उचलायच्या आन् संध्याकाळी हातपाय धुऊन पेटी घिऊन बसायचं, ही पेटी गान्याची, हारमोनियम. दिवसाची पेटी येगळी आन् संध्याकाळची येगळी असं ते सोताच म्हनायचे आन् सोताच हसायचे. त्यांची गायन पार्टी व्हती, सहा मानसं, आन् जयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायला सुदीक येळ नसायचा, आज हितल्या विहारात, उद्या तळेगावला, परवा दापोडीला. आबांचा आवाज जाड, खालचा. तोच मला आला. भावाला आला असता तर कोनी काय बोललं नसतं, मला आला म्हनून शाळेत प्रार्थनेला बाई म्हनायच्या, कमल, तू मागं पोरांच्यात उभी राहा. मी राह्यची. काय करनार.

आबांनी मला पेटीवर बसवून आवाज बघितला. म्हनाले, पोरी, तुजी पट्टी पांढरी चार. तुमी लिहून घेताय तर हे नीट घ्या, पट्टी म्हंजे पेटीवरचं जे बटन धरून गानारा गायला सुरुवात करतो ते. पांढरी बटनं असत्यात, काळी असत्यात, उजवीकडं जावं तसं गानं वर जातं. बाया बगा काळी चार, काळी पाच अशा गात्यात. मी पांढरी चारवाली, म्हंजे काळी पाचच्या पाच बटनं खाली. आबा म्हनाले, असू दे, तितंच गा. मी तितंच गायले, वीस वर्सं गायले, आन् कुनाचं काय बिघडलं न्हवतं.

लगीन पार्टीतच झालं. दिनकर, आमचे मालक, आबांच्या पार्टीत ढोलकीला व्हते आन् तळवड्याला एका कंपनीत वेल्डर. लगीन झालं, चिखलीत ऱ्हायला आलो, आन् मी चाकनला कामाला लागले, कंपनीची बस येती ना सकाळी, तिनं. गाडीच्या आत वायरींच्या जुड्या असत्यात, त्या आमी बांधतो. समद्या बाया. अकरा वर्सांनी मला लाइन लीडर केलं, म्हंजे काय तर वरडायचं. ए सुरेखा, पिवळी वायर सुटली. ए मागची, टेप. कॉम्प्रेसर चालू, पंखे चालू, आन् त्या आवाजावरनं मी आठ तास वरडायची, आन् रविवारी आबांच्या जागी उभी राहून गायची, कारन आबा तोवर गेले व्हते. आता कळतंय की मी गळ्याला एक दिवस सुदीक सुट्टी देत न्हवते. तवा कोन इचार करतंय. पायाला चप्पल लागली तर आपन बगतो, गळा कोन बगतंय.

मंग ते सामन्याचं साल आलं. सामना म्हंजे एका स्टेजवर दोन पार्ट्या, एक गानं त्यांचं, एक आमचं. समोर सुनंदाबाईंची पार्टी. सुनंदाबाई काळी पाचला गायच्या, आवाज असा बारीक आन् सरळ वर जायचा की पब्लिक उभं राहून शिट्ट्या मारायचं. माझं झालं की टाळ्या, बरं का, पडायच्या, पन बसून. तर मंडळाचा जो अध्यक्ष व्हता त्यानं माइक घेतला आन् म्हनाला, कमलताई, आता जरा खड्ड्यातनं भाईर या, वरच्या पट्टीत होऊ द्या. हजार मानूस हसलं. काय सांगू तुमाला, मी बी हसले. अजून मला त्याची किळस येती, त्या मानसाची न्हाई, माझ्या त्या हसन्याची. आबा असते तर पेटी मिटून खाली उतरले असते. मी हसले आन् पुढचं गानं धरलं.

घरी आल्यावर मालकांना म्हनलं, मला काळी पाच पायजे. ते म्हनाले, कशाला, ढोलकी काय मी गच्चीवर चढून वाजवू का. मी बोलले न्हाई त्यांच्याशी चार दिवस.

मोबाइलवर जाहिरात आली. कशी येती काय म्हाईत, आपन मनात आनलं की येती. एका महिन्यात दोन सप्तकं आवाज वाढवा. निगडीत क्लास, खाली जिम, वर गानं. सरांचं नाव विक्रांत, तिशीचा असंल, पांढरे बूट, घाम न्हाई, कायबी न्हाई. भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं, आरसे लावलेले. आरसे कशाला गान्याला? मला पहिल्या दिवशीच तितं वास आला, कापूर आन् पेपरमिंट आन् खालच्या जिमच्या घामाचा, तिन्ही एकात मिसळलेला, अजून मी पेपरमिंट तोंडात घेत न्हाई. पन मी बसले. घोडचूक माझीच, बसले.

शिकवायची पद्धत अशी की सरांनी पेटीवर एक बटन दाबायचं, आन् आमी समद्यांनी त्या बटनावर आ करून वरडायचं, मंग पुढचं बटन, मंग पुढचं. कुनाचा आवाज फाटला तर सर म्हनायचे, सोडू नका, ढकला, पोटातनं ढकला, दुखतंय म्हंजे वाढतंय. खाली बगा, म्हनायचे, खाली पोरं वजन उचलत्यात, दुखल्याबिगर दंड होतो का? आन् आमी मानसं बगा, चांगली शिकलेली, नोकरीची, त्या आरशात सोताच्या मानेच्या शिरा फुगलेल्या बगायचो आन् वाटायचं आपली परगती झाली. माझी हनुवटी वर जायची, खांदे कानाला लागायचे, जीभ मागं वळायची. असं कोनी गातं का? जनावर दोरीला लटकल्यावर तसं करतं.

दुसऱ्या आठवड्यात गिळताना दुखाय लागलं. सकाळी आवाज दहा वाजेस्तोवर फुटायचाच न्हाई. सरांना सांगितलं तर त्यांनी कपाटातनं एक फवारा काढला. आ करा ताई. फुस्स. अहो, गळा जो बधिर झाला, दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावानी, काही कळंचना, थुकी गिळलेली कळंना. सर म्हनाले, आता घ्या. मी घेतलं, आन् लागला हो सूर, काळी पाचचा वरचा सा लागला! समद्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी मोबाइलवर शूटिंग केलं. मला इतका आनंद झाला व्हता त्या दिवशी की मी बसमधी रडले. दुखत न्हाई म्हंजे बरं झालं असं मला वाटलं. दुखायचंच बंद केलं तर आत काय फाटतंय हे सांगनार कोन? पन हे मला तवा न्हाई सुचलं, मी फवारा इकत घेतला आन् पर्समधी ठेवला.

जयंतीला परत तोच स्टेज, परत सुनंदाबाई. मालकांनी ढोलकी चढवली, पन माझ्याकडं बगितलं न्हाई. मी स्टेजच्या मागं दोनदा फुस्स केलं. पहिलं गानं झालं. पब्लिक उभं राह्यलं, शिट्ट्या. अध्यक्ष हात वर करून नाचला. दुसरं झालं. तिसऱ्याला शेवटच्या ओळीला वर जायचं व्हतं, मी ढकललं, आन् आतनं एक असा, काय म्हनू, कापडाचा टरकन आवाज यावा तसं मला जानवलं, ऐकू न्हाई आलं, जानवलं. दुखलं न्हाई. तोंडात लोखंडाची चव आली. मी तोंड उघडं ठेवून उभी, आन् आवाजच न्हाई. हवा. नुसती हवा. पेटी वाजतीय, ढोलकी वाजतीय, मी मासळीवानी तोंड हलवतीय. पब्लिकला वाटलं माइक गेला, कोनी तरी वरडलं, ए माइक बघ रं.

तवा सुनंदाबाईंनी काय केलं सांगू का. सामना चालू, म्हंजे आमी दोघी एकमेकींच्या वैरी, त्यांनी आपल्या माइकवरनं माझी ओळ उचलली, माझंच गानं पुढं नेलं, शेवटपर्यंत, आन् झाल्यावर म्हनाल्या, हे कमलताईंचं गानं व्हतं, टाळ्या त्यांना. मंग मागं येऊन माझ्या हातात कोमट पान्याची बाटली दिली. माझ्या पर्समधला फवारा भाईर आलेला बगितला त्यांनी. बाई, म्हनाल्या, मी वर गाते कारन मी घरी भाजीवाल्याशी बी तितंच बोलते, माझी ठेवनच तसली. तुमाला कुनी सांगितलं हे करायला? उद्या दवाखान्यात जावा, बोलत जाऊ नका, लिहून दाखवा.

दवाखान्यात नाकातनं बारीक नळी घातली, पुढं कॅमेरा. टीव्हीवर माझा गळा दिसला. दोन पांढऱ्या पट्ट्या असत्यात आत, डॉक्टरबाईंनी दाखवल्या, त्या एकमेकींवर आपटत्यात म्हनून आवाज निघतो. माझी एक पट्टी पांढरी व्हती. दुसरीवर रगताचा फोड, लालकाळा, जांभळासारखा. आपल्या अंगात असलं काय तरी आपन सोताच्या हातानं करून ठिवलंय आन् ते टीव्हीवर मोठं करून बगायचं. डॉक्टरबाई म्हनाल्या, चौदा दिवस एक शब्द बोलायचा न्हाई. कुजबुजायचं बी न्हाई, त्यानं बी गळ्याला जोर पडतो. खाकरायचं न्हाई. फवारा कुनी दिला म्हनून चिडल्या. फोड गेला न्हाई तर आपरेशन, आन् मंग आवाज कसा येईल ते मी सांगत न्हाई म्हनाल्या.

चौदा दिवस. लीडर मुकी झाली तर लाइन चालनार कशी, मला पॅकिंगला टाकलं. घरी पाटी घेतली, लहान पोरांची असती तशी, तिच्यावर लिहायचं, मीठ कमी पडलं का, लाइट बिल भरा. मालक पयल्या दिवशी म्हनाले, घर कसं शांत झालं बगा. दुसऱ्या दिवशी बी म्हनाले. चौथ्या दिवशी कामावरनं आले, बूट न काढता माझ्यासमोर बसले आन् म्हनाले, कमल, पाटीवर काय बी लिही, मला शिव्या लिही. आन् रडले. त्यांनी मला आडवलं न्हाई ह्याचं त्यांच्या मनाला लागलं व्हतं. मी लिहिलं, मीच ऐकलं नसतं.

आन् ह्याच चौदा दिवसांत, कॅंटीनमधी, पॅकिंगची लता मोबाइल घिऊन आली, कमलताई, तुमी तर फेमस झाला. बगते तर मी. आरशासमोर, मानेच्या शिरा फुगलेल्या, काळी पाचचा सा. वर लिहिलेलं, चाकनच्या साध्या कामगार ताईंनी एका महिन्यात करून दाखवलं, तुमी कधी? खाली पाचशे अंगठे, लोकं लिहितायत, ताई ग्रेट, ताई सलाम. मी मुकी बसलेली, ताटात भात, आन् मोबाइलमधी मी वरडतीय. मला जेवान गेलं न्हाई. खरंच सांगते, मी उठून ओकले.

सुट्टी टाकून क्लासला गेले. हातात पाटी न्हाई, डॉक्टरबाईंनी दिलेला गळ्याचा फोटो. बॅच चालू व्हती, पाच मानसं, फवारा या हातातनं त्या हातात फिरत व्हता, एकच तोंड, सगळ्यांचं. सर म्हनाले, या ताई, आमच्या स्टार आल्या. मी फोटो पेटीवर ठेवला. त्यांनी बगितला, पालथा केला. म्हनाले, पानी कमी प्यायलात तुमी, टेक्निक पाळलं न्हाई, घरी चुकीचं केलं असंल. गोड आवाजात हं, ताई, ताई करत. आता मला बोलता येत न्हाई आन् त्याला हे म्हाईत. त्याच्या डोळ्यात मला दिसत व्हतं की त्याला बरं वाटतंय, ही बाई बोलू शकत न्हाई म्हनून. त्या परीस घाण नजर मी कुटं बगितली न्हाई, आन् मी कंपनीत बावीस वर्सं काढल्यात.

भिंतीवर त्याचा पांढरा बोर्ड व्हता. मी मार्कर घेतला आन् मोठ्या अक्षरात लिहिलं, व्हिडिओतली बाई मीच, आन् ह्या फोटोतला गळा बी माझाच, त्याच फवाऱ्यानं. पालथा केलेला फोटो परत सुलटा केला आन् एकेकाच्या तोंडापुढं नेला. तळवड्याचे एक रिटायर काका व्हते, ते म्हनाले, सर, हे खरं हाय का. सर म्हनाले, काका, नेगेटिव्हिटी नको, चला, पुढचं बटन. काकांनी पिशवी उचलली आन् माझ्यासंगं भाईर आले. बाकीचे चौघं बसून राह्यले. आमी जिन्याच्या खाली पोचलो न्हाई तोवर वर परत किंचाळ्या सुरू. फोटो बगून बी. मला त्या सराचा राग येतो पन त्या चौघांची मला शिसारी आली, आन् मंग वाटलं, आपन बी चौघांतलेच व्हतो की, आपल्याला कोनी फोटो आनून दाखवला असता तर आपन उठलो असतो का? न्हाई उठलो असतो.

फोड बसला. आपरेशन न्हाई लागलं. मंग डॉक्टरबाईंनी तितल्याच, आवाजाचे व्यायाम शिकवनाऱ्या मॅडमकडं पाठवलं. मी म्हनलं, आता माझा आवाज येवढाच राहनार का? मॅडम म्हनाल्या, न्हाई, वाढंल, पन वरडून न्हाई. पयल्या दिवशी काय शिकवलं असंल? ग्लासात पानी, पान्यात स्ट्रॉ, आन् हूं करत बुडबुडे काढायचे. मला वाटलं ही बाई बी फसवती. पन बुडबुडे काढताना गळ्याला काही लागतच न्हाई, आवाज आपोआप वर-खाली फिरतो. मंग ओठांची भुर्र, बाळं करत्यात तशी, खालनं वर, वरनं खाली, हळू. मंग तोंड मिटून गुणगुणायचं. पाच मिनिटं, दिवसातनं तीनदा, जास्ती न्हाई. आन् एक नियम, खरखर आली की थांबायचं. ढकलायचं न्हाई, एक सूर खाली यायचं आन् त्या दिवसापुरतं बंद. सर्दी असली तर बंद. गळा बधिर करनारं कायबी घ्यायचं न्हाई, गळा दुखला तर ते कळलं पायजे. वरचा एक सूर सोपा झाला, बोलन्याइतका सोपा, तीन-चार आठवडे सोपाच राह्यला, की मंग पुढचा अर्धा. हनुवटी खाली, खांदे खाली. आन् कंपनीत वरडनं बंद, मॅडमनी चिठ्ठी दिली, मला परत लीडर केलं आन् आता माझ्या गळ्यात शिट्टी असती. एक शिट्टी म्हंजे बगा, दोन म्हंजे थांबा.

दीड वर्स गेलं ह्यात. दीड वर्स! एका महिन्यात दोन सप्तकं म्हननारा तो, आन् हे दीड वर्स. आन् मिळालं किती? आधी माझे वरच्या सा च्या पुढं दोन सूर जायचे, आता चार जात्यात, फाटत न्हाईत. खाली एक जायचा तितं तीन जात्यात, आन् खालचे असे भरलेले लागत्यात की मालक ढोलकी थांबवून ऐकत बसत्यात. खाली बी आवाज वाढतो हे मला कोनी सांगितलंच न्हवतं, सगळे वरच बगत्यात. काळी पाच न्हाई आली. मॅडमना इचारलं, कधी येईल? त्या म्हनाल्या, न्हाई येनार, तुमचा गळा त्या मापाचा न्हाई, आन् तुमाला ती कशाला पायजे?

मागच्या जयंतीला गायले. अध्यक्ष तोच, म्हनाला, ताई, वरची पट्टी ना? मी म्हनलं, पांढरी चार. म्हनाला, पब्लिक बसून राहील. मी म्हनलं, बसू द्या, दमलेली असत्यात. सुनंदाबाई आल्या व्हत्या, एक कडवं त्यांनी त्यांच्या पट्टीत गायलं, एक मी माझ्या पट्टीत, पेटीवाल्याची पंचाईत झाली पन त्यानं जमवलं. टाळ्या पडल्या. शिट्ट्या कमी व्हत्या. खोटं कशाला बोलू, शिट्ट्या कमी व्हत्या, आन् मला जरा लागलं.

आता रविवारी सकाळी विहारात आठ-धा बाया येत्यात, वंदना झाल्यावर आमी बुडबुडे काढतो. ते तळवड्याचे काका बी येत्यात, बायांत एकटेच. मी हळू शिकवते म्हनून गेल्या महिन्यात दोघी सोडून गेल्या, कुटं गेल्या ते इचारू नका, निगडीला गेल्या. त्यांना मी फोटो दाखवला व्हता. तो व्हिडिओ अजून हाय तितंच, काढा म्हनून तीनदा कळवलं, अंगठे वाढतायत. बगते आन् मोबाइल पालथा ठेवते. आणखी काय करनार, शिट्टी मारून समदी दुनिया थांबत न्हाई.

बास झालं, मी लई बोलले, मला आता अर्धा तास गप बसायचंय. आन् तुमी, इतका येळ लिहिताय खरं, पन सारखं खाकरताय, ते सोडा. खाकरायचं वाटलं की पानी प्यायचं, गिळायचं. तांब्या भरलेला हाय, घ्या. तुमचा गळा तुमाला शंभर वर्सं पुरू दे. बोलू नका आता, नुसती मान हलवा.